सातवं पोतं

आमच्या शेजारच्या घरात वर्षातून एकदा एका पोत्याला हार घालतात. पोतं म्हणजे अगदी पोतंच. तांदळाचं, तागाचं, तीन ठिकाणी ठिगळं लावलेलं. झेंडूचा हार, समोर मेणबत्ती, बशीत मुरमुरे आणि फुटाणे. आलेल्या माणसानं हात जोडायचे, मुरमुरे घ्यायचे आणि शक्यतो काही विचारायचं नाही.

मी तिरोड्याला बदलून आलो आणि हे घर भाड्यानं घेतलं, तो नेमका त्याच कार्यक्रमाचा दिवस होता. माझं सामान अजून टेम्पोत होतं. शेजारच्या दारातून एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "नवीन गुरुजी ना तुमी? या, आधी मोठेभाऊंले नमस्कार करून घ्या. सामान कुठी पळून नाही जाऊन राहिलं."

आत गेलो. भिंतीवर ओळीनं सहा पोती ठोकलेली, पहिल्याला हार. मला वाटलं, यांचे थोरले भाऊ कुठल्या तरी मिलमध्ये हमाली करताना गेले असतील आणि बिचाऱ्यांचा एखादा फोटोही नसेल. मी अगदी मनापासून डोळे मिटले, हात जोडले आणि बाहेर पडताना हळू आवाजात विचारलं, "कशानं गेले?"

"ते बुकात नाही," ते म्हणाले. "मागची पानं फाटली हायेत."

मोठेभाऊ इटलीचे होते, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. दुसऱ्या महायुद्धानंतर नावारूपाला आलेले अमूर्त चित्रकार. आमच्या या शेजाऱ्यांचा, म्हणजे रामटेकेजींचा, आणि त्यांचा संबंध एवढाच, की रामटेकेजींना रद्दीवाल्याच्या दुकानात त्यांच्यावरचं एक जाड, इंग्रजी, अर्धं फाटलेलं पुस्तक सापडलं होतं. मोठेभाऊंचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे. पण थोरल्याचं नाव घेऊ नये म्हणून रामटेकेजी ते घेत नाहीत, आणि त्यांच्या शेजारी राहून मलाही आता ते घेववत नाही.

सुखदेव रामटेके हे आमच्या गल्लीतलं एक प्रकरण आहे. तीसेक वर्षं त्यांनी एका राइस मिलच्या बारदान्याच्या गोदामात मार्का मारायचं काम केलं. बारदाना म्हणजे रिकामी पोती. जस्ताचा साचा पोत्यावर ठेवायचा, वरून शाईचं फडकं फिरवायचं, की मिलचं नाव आणि हंगामाचं साल उमटतं. लाखो पोती त्यांच्या हाताखालून गेली असतील. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते पोत्यासारखीच पाहतात. म्हणजे आधी चिमटीत धरून घट्ट आहे का बघतात, आणि मग उलटतात.

"उलटून पाहा, मंग बोला." हे त्यांचं पालुपद आहे. शर्ट घ्यायला गेले की दुकानदारासमोर शर्ट उलटा करतात. किराणा दुकानात साखरेच्या पोत्याची कड वळवून आतली शिवण तपासतात आणि "फालतू" म्हणून निघून जातात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी शाळेची पिशवी उलटी केली. आतून खडू, दोन भूगोलाची पुस्तकं आणि अर्धी भाकरी अंगणात पडली. "बाहेरून बराबर हाय," ते म्हणाले, "अंदरून लवकर दगा देईन." चार महिन्यांनी तिचा तळ खरंच सुटला. एका लग्नात तर त्यांनी आहेर द्यायला स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या शेरवानीचा घेर वळवून पाहिला होता. सगळा मांडव बघत होता. नवरीच्या बापाला मात्र ते गंभीरपणे म्हणाले, "चिंता नोका करू. पोराची शिलाई पक्की हाय."

फक्त एका गोष्टीला हा नियम लागू नव्हता. भिंतीवरच्या पोत्यांना कुणी हात लावायचा नाही. मी एकदा सहज एकाचा कोपरा उचलायला गेलो, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "मोठेभाऊंचं सामान होय ते."

ते पुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं. एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. दुपारी कूलर लावून बसायचं, मी एक वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि त्यांनी ते झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या भातमुलखाच्या बोलीत, करून मलाच परत ऐकवायचं. पहिल्याच दिवशी आमची गाडी अडली.

"अमूर्त म्हंजे काय, गुरुजी?"

"ज्यात काय आहे ते ओळखू येत नाही, असं चित्र."

त्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. पानावर एक भलंमोठं फाटकं पोतं होतं. "काऊन ओळखू येत नाही? पोतं दिसून राहिलं ना चक्क! ताग होय. दोन ठिगळं हायेत. एक घाईघाईनं लावलं हाय." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्या पदवीची लाज वाटली.

मग मी त्यांना माझ्या विषयातली एक गोष्ट सांगितली, की उत्तर इटलीत भात पिकतं. बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, असतात, चिखल असतो, बाया ओणव्या होऊन रोवणी करत असत. रामटेकेजी उठूनच उभे राहिले. "धान होते? इटलीत?" पुस्तकात खरंच लिहिलं होतं की चित्रकाराचा जन्म भाताच्या मुलखातला आणि त्याच्या वडिलांची भात सडायची गिरणी होती. त्या दिवशी रामटेकेजींनी संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. "मोठेभाऊ आपल्या झाडीचेच निघाले," असं प्रत्येकाला सांगत फिरले. लोकांनी अभिनंदन केलं आणि पेढे खाल्ले.

मोठेभाऊंचं चरित्र मी वाचलं एक आणि गल्लीला माहीत आहे दुसरंच. गल्लीतलं असं आहे.

"लढाईवरून वापस आले मोठेभाऊ. पाहतेत तं घर नाही, मिल नाही, सारं बॉम्बमधी गेलं. उरला तो बारदाना. कापड नाही, रंग नाही. मंग त्याईनं पोतं घेतलं, शिवलं, चौकटीवर ठोकलं. लोक म्हने, हे काय होय? मोठेभाऊ म्हने, पोतं होय. पयल्या प्रदर्शनात झाडूवाल्या बाईनं एक चित्र काढून त्याच्यानं फरशी पुसली. मोठेभाऊ नाराज नाही झाले. म्हने, बाईले मालाची पारख हाय."

पुढे रोममध्ये नाव झालं, मोठमोठ्या टीकाकारांनी पानंच्या पानं लिहिली. एका ठिकाणी होतं की या ठिगळांमधून सगळ्या युरोपची जखम बोलते. मी ते वाचलं तेव्हा रामटेकेजींनी चित्रातल्या ठिगळावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "ठिगळ बोलत नाही, गुरुजी. ठिगळ धरून ठेवते." पुस्तकातल्या एकाही टीकाकाराला हे सुचलं नव्हतं, हे मला मान्य करावंच लागेल.

मधली काही वर्षं मोठेभाऊंनी पोती सोडून पत्रे आणि तारा वापरल्या. हे प्रकरण रामटेकेजींना अजिबात पसंत नाही. ती पानं त्यांनी मला भराभर उलटायला लावली. "थोरला असला तरी मानूस हाय. भरकटते." शेवटी म्हातारपणी ते आपल्या गावी, भाताच्या बांध्यांत परत आले आणि पुन्हा पोती शिवू लागले, इथवर पुस्तक येतं. पुढची पानं नाहीत. म्हणजे ते कधी गेले, हेही आम्हाला माहीत नाही. पुण्यतिथी रामटेकेजींनीच ठरवली आहे. दिवाळीनंतर धान कापून झालं की येणारा पहिला रविवार. "समजदार मानूस धान घरात आल्याबिगर कायले मरते?" मी एकदा शंका काढली की ते कदाचित अजून जिवंतही असतील. त्यांनी हिशेब करायला लावला. शंभरीच्या बरेच पुढे गेले असते. "मंग मुरमुरे खा," ते म्हणाले.

आमच्या शाळेचे चित्रकलेचे बिसेन सर एकदा मुद्दाम ही पोती बघायला आले. मागे हात बांधून, मान तिरकी करून त्यांनी सहाही पोती पाहिली आणि म्हणाले, "रामटेकेजी, बुरा मत मानना, पण ही कला नाही. हा बारदाना आहे." रामटेकेजींनी त्यांना मिठीच मारली. "तुमीच पयले, ज्याईनं बराबर ओळखलं!"

आता सातव्या पोत्याबद्दल सांगायला हवं.

पुस्तकात एक फोटो आहे. मोठेभाऊंच्या खोलीची भिंत आणि तिच्यावर ओळीनं सात पोती. रामटेकेजींनी आपल्या भिंतीवर तशीच सात पोत्यांची जागा मोजून घेतली होती. सहा लागली होती. सातव्यासाठी खिळे ठोकून ठेवले होते आणि त्या खिळ्यांना छत्रीसुद्धा अडकवायची परवानगी नव्हती. मी एकदा टोपी अडकवली, ती मला माझ्या अंगणात सापडली.

रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ते आठवड्यातून चार दिवस त्या गोदामात जायचे. तांदूळ घेऊन गेलेली पोती देशभर फिरतात, आणि जुना बारदाना म्हणून गावोगावची पोती इथं येतात; इथलं पोतं इथंच परत येणं विरळाच. गोदामात बाया बसून ती दाभणानं शिवतात, की ती लगेच मिलमध्ये जातात. रामटेकेजी न शिवलेल्या ढिगावर बसून एकेक पोतं उलटायचे, आत पाहायचे आणि बाजूला टाकायचे. असं करत चार-पाच वर्षांत सहा मिळाली होती. सातवं मिळत नव्हतं.

मी मदत म्हणून एका किराणा दुकानातून एक पोतं आणून दिलं. काय सुंदर होतं! अकरा ठिगळं, त्यातलं एक निळं. पुस्तकातल्या कुठल्याही चित्राच्या तोंडात मारेल असं. रामटेकेजींनी ते उलटलं, आतून पाहिलं आणि घडी घालून परत दिलं. "नाही, गुरुजी. हे मोठेभाऊंले चालत नाही."

"अहो, का नाही चालत? मोठेभाऊंनी तुम्हाला पत्र पाठवलंय का?"

मी चिडलोच होतो. त्या पोत्यात मी अजून कांदे ठेवतो.

यंदा पावसाळा संपता संपता बातमी आली की मिलच्या मालकानं पुढच्या हंगामापासून सगळी पोती प्लास्टिकची घ्यायचं ठरवलं आहे. जुना ताग एकत्र विकून टाकणार. ट्रक येईल, सगळा माल कुठल्याशा कारखान्यात जाईल आणि तिथं त्याचा लगदा होईल. गोदामात दोन खोल्या भरून पोती उरली होती. रामटेकेजींनी जेवणाची वेळ सोडली, पेपर सोडला, माझ्या दारात येऊन माझ्या पडद्यांना नावं ठेवणं सोडलं. सकाळी गोदामात जायचे ते गावाबाहेरच्या पॉवर प्लांटच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लागले की परत यायचे. केस तागाच्या धुळीनं भरलेले, बोटांना चिरा पडलेल्या. "सापडलं?" विचारलं की नुसती मान हलवायचे. मला त्यांची थट्टा करणं जमेना.

ट्रक सोमवारी येणार होता. रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो.

गोदामाच्या एका टोकाला पाच-सहा बाया शेवटची पोती शिवत होत्या. दुसऱ्या टोकाला आम्ही. मी पोतं उचलून द्यायचं, त्यांनी उलटायचं, टाकायचं. दुपारपर्यंत ढीग गुडघ्याएवढा उरला. मग घोट्याएवढा. आणि मग एक पोतं उलटून ते तसेच खाली बसले.

"रामटेकेजी?"

त्यांनी पोत्याची आतली बाजू माझ्यापुढे धरली. ठिगळाची शिवण जिथं संपत होती तिथं, गाठीच्या शेजारी, सुतळीचे तीन आखूड टाके होते. एका बिंदूतून फुटलेले तीन फाटे. कोंबडीचा पाय मातीत उमटतो तसा.

"देवका," ते म्हणाले.

देवकाबाई म्हणजे त्यांची पत्नी. मी राहायला येण्याच्या पाचेक वर्षं आधी वारलेली. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं. त्या दिवशी पोत्यांवर बसून त्यांनी बाकीचं सांगितलं. देवकाबाई याच गोदामात जन्मभर पोती शिवत होती. ती शिवायची आणि हे मार्का मारायचे. "नवीन लगन झालं तवा मी तिले म्हटलं, तुले सही शिकवतो. ते म्हने, मले अक्षर नाही येत, कोंबडीचा पाय येते. तवापासून हरेक ठिगळाले घालत होती. मी म्हनो, कोन पाहते अंदरून? ते हासे."

ती गेली तेव्हा घरात तिच्या हातचं काहीच नव्हतं. जे शिवलं ते सगळं तांदूळ भरून गावोगाव गेलं होतं. फोटो एकच, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती घाबरलेली दिसते.

"मंग ते बुक भेटलं, गुरुजी. पाहिलं तं इटलीत भिंतीवर पोतं! आन लोक हात बांधून पाहून राहिले. मी देवकाचं पोतं भिंतीले लावलं असतं तं गल्लीनं मले बह्याड म्हटलं असतं. इटलीचं म्हटलं, तं गुरुजीबी डोरे मिटून हात जोडतेत."

माझे डोळे भरून आले, आणि त्याला तागाची धूळ हे कारण सोयीचं होतं.

ते त्या टाक्यावरून अंगठा फिरवत होते. मग सवयीनं त्यांनी पोतं पुन्हा सुलटं केलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या बाजूला मार्का होता. त्याचा अर्धा भाग ठिगळाखाली गेलेला. म्हणजे आधी मार्का, नंतर ठिगळ. आणि मार्क्यातलं साल देवकाबाई गेल्यानंतरचं होतं. चांगलं तीन हंगाम नंतरचं.

"हा माझ्या हातचा मार्का नाही," ते हळूच म्हणाले. "हे तिचं नाही."

त्यांनी पोतं खाली ठेवलं. सकाळपासून उलटलेल्या हजार-दीड हजार पोत्यांचा थकवा त्यांना एकदम जाणवला असावा. मला काय वाटलं कोण जाणे, मी ते पोतं उचललं आणि सरळ बायांकडे गेलो. "हे कोणी शिवलंय?"

त्यांतल्या रेखाबाईंनी पोतं उलटं करून पाहिलं. "माह्या हातचं दिसते. काऊन गुरुजी, उसवलं का?"

"हा पाय कशाला काढला?"

"आता, पाय नाही घातला तं ठिगळ धरते का?" त्यांना माझ्या अज्ञानाचं नवल वाटलं. "देवकाकाकूनं शिकवलं आमाले. आमी साऱ्याजनी घालतो. कामठ्याले माही बहीन दिली हाय, तिले मी शिकवलं. तेबी घालते." बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. एकीनं आपल्या हातातलं पोतं उलटं करून दाखवलं. पाय होता. दुसरीनं दाखवलं. पाय होता. "इथलं काम बंद झालं म्हून का झालं? मी पोरीच्या दप्तरालेबी तोच घातला," रेखाबाई म्हणाल्या. "गोधडीले घालतो. पक्का राहते."

रामटेकेजी कधी माझ्या मागे येऊन उभे राहिले होते, मला कळलं नाही. त्या तीन टाक्यांनी ठिगळ एक इंचही धरत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी हात पुढे करून ते पोतं परत घेतलं.

"बराबर हाय, रेखा," ते म्हणाले. "त्या पायानंच धरते."

घरी येताना सातवं पोतं त्यांच्या खांद्यावर होतं. रेखाबाईंच्या हातचं. वाटेत त्यांनी दोनदा थांबून ते उलटून पाहिलं.

धान कापून झालं आणि पुण्यतिथीचा रविवार आला. या वेळी गर्दी होती, कारण रामटेकेजींनी गोदामातल्या सगळ्या बायांना बोलावलं होतं. बिसेन सरही आले. मी आत पाऊल टाकलं आणि थबकलो. भिंतीवर सात पोती होती आणि सातही उलटी लावलेली. मार्के भिंतीकडे गेले होते, आतली बाजू पुढे आली होती, आणि प्रत्येक ठिगळाच्या टोकाशी एक कोंबडीचा पाय होता. सगळ्या खोलीभर कोंबड्या फिरून गेल्यासारखं वाटत होतं. रेखाबाई तोंडाला पदर लावून आपल्याच पोत्यासमोर उभ्या होत्या.

"ही चित्रं कोणाची म्हणायची आता?" बिसेन सरांनी विचारलं. या वेळी त्यांचे हात मागे बांधलेले नव्हते.

"देवका सुखदेव रामटेके, तिरोडा," रामटेकेजी म्हणाले. मोठ्यानं, शाळेत हजेरी घेतात तसं. मग सातव्याकडे बोट केलं. "आन हे रेखाचं."

मी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "आणि मोठेभाऊ? त्यांची पुण्यतिथी ना आज? त्यांना वाईट नाही वाटणार?"

"काऊन वाटन? ते तिचे भासरे होत, गुरुजी." भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. इकडे जुन्या बाया भासऱ्यांसमोर येत नसत, दाराआड उभ्या राहून बोलत. रामटेकेजींनी हार उचलला आणि टाचा उंचावून पहिल्या पोत्याला घातला. "भासऱ्याच्या समोर कसी येन ते? म्हून इतले दिवस मागं उभी होती. आता त्याईनंच म्हटलं असन, सुखदेव, सुनबाईले समोर येऊ दे."